रुंद ९११ ला चाकं आणि स्पेसर: आधी मोजा, मग विकत घ्या

जुन्या पोर्शे ९११ टर्बोच्या मागे उभं राहिलं की चाकं मडगार्डाच्या किती आत बसली आहेत हे लगेच डोळ्यात भरतं. मालकाला ती पोकळी खुपत असते आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती मिलिमीटरचा स्पेसर लागेल?" स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर कसलं जातं तो भाग) आणि चाक यांच्या मध्ये घालून चाक बाहेर आणणारा धातूचा जाड तुकडा. पण हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी गाडीची उंची, मग रिम, मग टायर, आणि एवढं ठरल्यावर जी फट उरेल तिच्यापुरता स्पेसर. उलट्या क्रमाने जाणारा बहुधा दोनदा खर्च करतो.

इथे मी ३.३ लिटरची ९३० टर्बो (९३० हा त्या जुन्या ९११ टर्बोचा कारखान्यातला क्रमांक) आणि तिच्याच अंगाची एम४९१ कॅरेरा डोळ्यांसमोर ठेवली आहे. ९३० पहिल्यांदा दिसली १९७४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये. ३.३ लिटरचं इंजिन १९७८ च्या मॉडेलपासून आलं आणि गाडी १९८९ पर्यंत बनत राहिली. या ३.३ वर कारखान्यातून १६ इंची फुक्स चाकं येत, पुढे ७ इंच रुंद आणि मागे ८ इंच. शेवटच्या काही वर्षांत मागे ९ इंची रिम आणि २४५ चा टायर आला. एम४९१ हा कॅरेराच्या यादीतला पर्याय होता. त्यात साध्या इंजिनाच्या गाडीला टर्बोचं रुंद अंग, टर्बोचं सस्पेन्शन आणि टर्बोचे ब्रेक मिळत.

अंग रुंद आहे, सांगाडाही आहे का?

पैसे बाहेर काढण्याआधी हे तपासा. ९३० ची रुंदी १७७५ मिमी, साध्या ९११ एससीची १६५२. म्हणजे दर बाजूला साधारण ६० मिमीचा फरक. गेल्या चाळीसेक वर्षांत कितीतरी साध्या ९११ ना टर्बोचे मडगार्ड जोडले गेले, काही पत्र्याचे, काही फायबरचे. पत्रा रुंद झाला तरी खालचे मागचे आर्म (मागचं चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे हात) आणि हब बऱ्याचदा जुनेच राहिले. अशा गाडीत चाक फारच आत दिसतं आणि मालक तिथे जाडजूड स्पेसर कोंबतो. अस्सल ९३० चे मागचे आर्मच वेगळे असतात, ब्रेकही मोठे असतात. ३.३ चे चार पिस्टनचे कॅलिपर ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले आहेत. कॅलिपर पाहिले की निम्मा उलगडा होतो. उरलेला पुढच्या डिकीच्या झाकणाखालच्या आणि सर्व्हिस बुकातल्या पर्यायांच्या चिठ्ठीवर होतो. तिथे एम४९१ किंवा नुसता ४९१ शोधा.

गाडी रूपांतरित निघाली तर खालची मोजण्याची पद्धत तीच राहील, पण माझे आकडे उचलू नका.

आणखी एक गोष्ट याच वेळी पाहून घ्या. टर्बो अंगाच्या बऱ्याच गाड्यांना मागे कारखान्याचाच अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आणि त्याला साजेसे लांब स्टड (हबमधून बाहेर येणारे, चाकाचे नट चढवायचे आट्यांचे दांडे) असतात. चाक काढल्यावर तो हबला चिकटलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या धुळीमुळे हबचाच भाग वाटतो. व्हर्नियरने त्याची जाडी मोजून लिहून ठेवा. हा तुमचा आरंभबिंदू. तो न ओळखता त्यावर दुसरा स्पेसर चढवला की एकावर एक दोन होतात, आणि तसं कधीही करायचं नाही.

हबच्या तोंडापासून दोन आकडे

रिमच्या मागे कोरलेला 'ईटी' आकडा म्हणजे रिमची मधली रेषा हबच्या तोंडापासून किती मिलिमीटर आत आहे ते. आकडा जितका लहान, चाक तितकं बाहेर. पण नुसत्या ईटीवर भांडत बसण्यात अर्थ नाही, कारण रुंदी बदलली की तोच ईटी वेगळ्या जागी नेऊन ठेवतो. प्रत्येक रिमसाठी दोन आकडे काढा: हबच्या तोंडापासून रिम आत किती जाते आणि बाहेर किती येते. रुंदीचा अर्धा अधिक ईटी म्हणजे आतला आकडा, अर्धा उणे ईटी म्हणजे बाहेरचा. एक इंच २५.४ मिमी.

फुक्स चाकं मायनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स कारखान्यात घडवली जातात, ओतलेली नसतात. त्यांच्या १६ इंची रिमचे आकडे असे निघतात. ६ इंची रिमचा ईटी ३६: आत ११२.२, बाहेर ४०.२. ७ इंचीचा ईटी २३.३: आत ११२.२, बाहेर ६५.६. ८ इंचीचा ईटी १०.६: आत ११२.२, बाहेर ९१.

आतला आकडा तिन्हींचा सारखाच आहे! म्हणजे सहावरून सातवर आणि सातवरून आठवर जाताना वाढलेला सगळा इंच बाहेरच्या बाजूला पडतो, आतल्या बाजूने रिम जागची हलत नाही. ईटीचे ते विचित्र दशांश यातूनच आले आहेत. पुढे ७ च्या जागी ८ लावणाऱ्याला आतल्या स्ट्रटची काळजी नसते, त्याची सगळी लढाई मडगार्डाच्या ओठाशी असते.

९ इंची रिम मात्र या घराण्याची नाही. तिचा ईटी १५, म्हणून आत १२९.३ आणि बाहेर ९९.३. मागे ८ काढून ९ लावली की रिमची कड आत १७ मिमी सरकते आणि बाहेर फक्त ८. "नऊ इंची लावली तरी चाक बाहेर आल्यासारखं दिसतच नाही" ही तक्रार इथून येते.

टायर छापल्याइतका रुंद नसतो

रिमच्या कडेनंतर टायरची भिंत मोजायची. २२५ लिहिलेला टायर प्रत्यक्षात २२५ असतोच असं नाही. त्याची फुगीर रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते, आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की भिंत साधारण ५ मिमीने पसरते. २२५/५० आर १६ चं (५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत) मोजमाप ७ इंची रिमवर होतं आणि ते २३३ च्या आसपास भरतं, म्हणजे ८ इंचीवर साधारण २४३. २४५/४५ आर १६ चं मोजमाप ८ इंचीवर, तेही साधारण २४३, म्हणजे ९ इंचीवर २५३.

आता मागचा बदल पुन्हा पाहा. ८ वरच्या २२५ ऐवजी ९ वर २४५ लावला तर टायर एकूण जेमतेम १० मिमी रुंद होतो, दर बाजूला ५. मधली रेषा ४.४ मिमी आत सरकते. हिशोब: आतली भिंत साडेनऊ मिमी आत, बाहेरची अर्धा-एक मिमी बाहेर. म्हणजे बाहेरून काहीच बदललं नाही आणि आतली जागा एक सेंटिमीटरने आटली. आतली जागा पूर्वीइतकी हवी असेल तर आधीच्या स्पेसरपेक्षा सुमारे १० मिमी जाड स्पेसर लागेल, आणि तेवढंच चाक बाहेर येईल. स्पेसरचा आकडा असा खालून वर येतो.

पुढे ७ वरच्या २०५/५५ ऐवजी ८ वर २२५/५० लावल्यास बाहेरची भिंत जवळजवळ २५ मिमी बाहेर येते, आतली जागच्या जागी. त्यामुळे पुढे ८ इंची लावणाऱ्याने स्पेसरचं नावही काढू नये. चाकाची मधली रेषा पावणेतेरा मिमी बाहेर गेल्याने स्टिअरिंग जड लागतं आणि रस्त्यातले चर हाताला जास्त ओढतात. मला स्वतःला पुढे ७ आणि मागे ९ हीच जोडी आवडते. पुढची आठ इंची उभ्या गाडीत देखणी दिसते, घाटात मात्र सात इंची अधिक मोकळी चालते.

व्यासाची चिंता इथे नाही. २०५/५५ चा व्यास ६३२ मिमी, २२५/५० चा ६३१, २४५/४५ चा ६२७. स्पीडोमीटर टक्काभरही चुकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांत काही मिलिमीटरचा फरक असतोच, म्हणून वरची गणितं दिशा दाखवायला वापरा. शेवटचा शब्द मोजपट्टीचा.

उंची आधी, मोजपट्टी नंतर

या गाडीत कॉइल स्प्रिंग नाहीत, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या. पुढे उंची एका स्क्रूने बदलते. मागे तेवढं सोपं नाही. बारच्या आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४, दोन्ही टोकं वेगवेगळी फिरवून हवा तो कोन पकडावा लागतो. हे काम चाकं बसवल्यानंतर करायला घेतलं तर सगळी मोजमापं फुकट जातात, कारण उंची उतरली की मागच्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) दोन्ही बदलतात. म्हणून आधी उंची कायम करा, अलाइनमेंट करून घ्या, मगच मोजा.

सपाट फरशीवर गाडी उभी करा, टाकी साधारण अर्धी, हवा बरोबर, आणि थोडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. हबच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांची लिहून घ्या, पुढे लागेल. आता ओळंबा घ्या. मडगार्डाच्या ओठाच्या आतल्या कडेवरून दोरा सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या फुगीर भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ओठ आतल्या बाजूला वळलेला असतो. बाहेरच्या पत्र्यापासून मोजलंत तर तेवढी जागा फुकटची धराल. हे माप हबच्या सरळ रेषेत घ्या, शिवाय पुढे आणि मागे तिरपं दोन ठिकाणी, कारण कमानीचा आकार सगळीकडे सारखा नसतो. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्र मोजा. चाळीस वर्षांच्या गाडीत दोन्ही बाजूंमध्ये पाच-सात मिमीचा फरक निघाला तर दचकू नका, पण स्पेसर ठरवताना हिशोब कमी जागेच्या बाजूचा धरा.

आतली जागा मोजायला चाक काढावं लागतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि जॅकवर कधीही विसंबू नका, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) बसवा. मागे टॉर्शन बारच्या आडव्या नळीची टोकं घोडीसाठी मजबूत जागा आहेत. बाजूच्या जॅकच्या खोबणीत गंज असेल तर तिच्यावर भार देऊ नका, आणि इंजिनाच्या पोटाखाली तर नकोच. गाडी वर असताना आर्म खाली लोंबतो आणि सगळी अंतरं खोटी येतात. म्हणून दुसऱ्या जॅकने आर्म हलकेच उचला, मघाशी लिहिलेली उंची जुळवा, आणि मगच हबच्या तोंडावर सरळ पट्टी टेकवून गुण्याने आतली अंतरं घ्या. मागे पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे स्प्रिंग प्लेट, टॉर्शन बारला आर्मशी जोडणारी पट्टी. उजव्या बाजूला ऑइलची टाकी आणि तिच्या नळ्याही आहेत, या गाडीत ऑइल इंजिनाच्या खाली साठत नाही. पुढे स्ट्रट, ब्रेकचा होज, आणि उजव्या मडगार्डातला ऑइल कूलर. पुढची मापं स्टिअरिंग सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे अशी तीनदा घ्या.

मागचं चाक वर दबतं तेव्हा त्याचा वरचा भाग आत कलतो. म्हणून बाहेरच्या ओठाशी थोडी कमी जागाही चालून जाते, पण आतल्या बाजूला स्प्रिंग प्लेटपासून सहा-सात मिमी तरी मोकळे हवेत, कारण वळणावर टायरची भिंत लवते. ओठ आत वळवून जागा करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. अस्सल टर्बोच्या पत्र्यावर मी तो करू देणार नाही. या अंगाचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, ओठ वळवताना रंग तडकला की तिथून पाणी शिरतं. दोन मिमी पातळ स्पेसर घ्या, काम संपलं.

स्पेसर कोणता

दोन जाती आहेत. एक नुसती चकती, जिच्यातून हबचे लांब स्टड आरपार येतात. दुसरी हबला स्वतःच्या नटांनी कसली जाते आणि चाकासाठी तिच्यावर नवे स्टड असतात. दुसरी बसवायला सोपी, कारण हबच्या स्टडला हात लावावा लागत नाही. पण ती जाड असावी लागते, नाहीतर हबचे जुने स्टड तिच्या तोंडाबाहेर येऊन चाकाला टेकतात. तिचे आतले नट चाकाआड लपतात, पुन्हा तपासायचे तर चाक काढणं आलं, आणि ते कोणी काढत नाही. रस्त्यावरच्या गाडीला माझी पसंती चकतीला आणि योग्य लांबीच्या स्टडला.

खरेदी करताना तीन आकडे जुळलेच पाहिजेत: पाच भोकांचं वर्तुळ १३० मिमी, मधलं भोक ७१.६ मिमी, स्टड एम १४ आणि १.५ चा आटा. स्पेसरचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे आणि स्पेसरच्या बाहेरच्या बाजूला चाकासाठी तशीच कड असली पाहिजे. पातळ चकत्यांना ही कड देता येत नाही. स्पेसर हबची कड गिळून टाकतो, चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं आणि ताशी शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागतं. मग लोक टायर पुन्हा पुन्हा बॅलन्स करत बसतात.

स्टडची लांबी डोळ्यांनी ठरवू नका. नट हाताने फिरवत चढवा आणि पहिला आटा पकडल्यापासून पूर्ण बसेपर्यंतचे फेरे मोजा. दर फेऱ्याला दीड मिमी. स्टीलच्या नटाला स्टडच्या व्यासाइतकी पकड हवी, म्हणजे १४ मिमी, दहा फेरे. पोर्शेचे मूळ नट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, त्यांना दीडपट धरा: २१ मिमी, चौदा फेरे. बंद तोंडाचे नट वापरणार असाल तर उलटा धोका आहे. लांब स्टड नटाच्या टोपीला आतून टेकतो, पाना टॉर्क पूर्ण झाल्याचं सांगतो आणि चाक मात्र ढिलंच राहतं. मूळ नट आरपार उघडे असतात, तेच ठेवा. आणि नटाची बैठक पाहा. फुक्सची गोलाकार आहे, बाजारातल्या बऱ्याच नटांची शंकूच्या आकाराची. शंकू गोल खळग्यात कडेवरच टेकतो, कितीही घट्ट आवळला तरी.

स्टड बदलणं हे घरचं काम नाही. ते हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात. पुढे हब आणि डिस्क उतरवावी लागते. मागे हब बेअरिंगमधून ओढून काढला तर बेअरिंग बहुधा नवंच घालावं लागतं. तो खर्च आधीच धरा. जुने स्टड गंजलेले असतील तर स्पेसर नसला तरी हा खर्च टळत नाही.

बसवणं

हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा, स्पेसरच्या दोन्ही बाजू आणि रिमचं तोंडही पुसून घ्या. गंजाचा एक खवला राहिला तरी चाक वाकडं बसतं. स्टीलच्या हबवर अ‍ॅल्युमिनियम वर्षभर दमट राहिलं की जाम होतं, म्हणून हबच्या मधल्या कडेला तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पेस्टचा अगदी पातळ हात द्या. स्पेसर बसल्यावर बोटाने फिरवून पाहा, डुगडुगायला नको. मग चाक.

पाची नट हाताने चढवा, चांदणीच्या क्रमाने. सॉकेट १९ चं, पातळ भिंतीचं आणि प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्या, नाहीतर फुक्सच्या अ‍ॅनोडाइज केलेल्या खळग्यांत पहिल्याच दिवशी चरे पडतात. आधी साधारण ६० न्यूटन-मीटर, गाडी किंचित टेकवून पुन्हा त्याच क्रमाने १३० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने कसायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नटाचे आटे ती एका झटक्यात ओरबाडते.

फेरफटका आणि पुन्हा पाना

बाहेर पडण्याआधी शंका असलेल्या जागी शाडूचे किंवा मुलांच्या खेळातल्या मातीचे छोटे गोळे चिकटवा: ओठाच्या आत, स्प्रिंग प्लेटवर, पुढच्या मडगार्डाच्या खालच्या कोपऱ्यात. आधी एकट्याने हळू, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून. मग मागे दोन मोठी माणसं बसवून एखाद्या गतिरोधकावरून. त्या मागच्या बाकावर मोठी माणसं किती वेळ बसतील हा वेगळा प्रश्न. परत आल्यावर गोळे पाहा. चेपलेला गोळा किती उरला आहे तेवढीच तुमची खरी फट. ५० ते १०० किलोमीटरनंतर गार चाकांवर पुन्हा १३० न्यूटन-मीटर. नट पाव फेऱ्याहून जास्त फिरला तर नुसता आवळून सोडून देऊ नका. चाक काढून बैठक पाहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. जर्मनीत राहणाऱ्यांनी स्पेसर घेतानाच त्यासोबत तपासणी संस्थेचा अहवाल येतो का ते विचारावं आणि बसवल्यावर ट्यूफसारख्या संस्थेकडून नोंद करून घ्यावी. तीस वर्षांवरच्या गाडीची 'एच' पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट) असेल तर त्या काळाला न शोभणारे बदल तिथे अडतात. ९ इंची फुक्स शोभते, १८ इंची आधुनिक रिमवर वाद होऊ शकतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, तेव्हा मूळ चाकांचा संच विकून टाकू नका.

शेवटी एक कार्ड करून गाडीच्या कप्प्यात ठेवा: प्रत्येक चाकामागच्या स्पेसरची जाडी, नटाची जात, फेऱ्यांची संख्या, १३० न्यूटन-मीटर. उद्या पंक्चर झालं आणि टायरवाल्याने चाक काढलं की चकती हबवरून सुटून खाली पडते. ती परत कुठल्या चाकामागे घालायची हे त्याला दुसऱ्या कोणी सांगणार नाही.